उसावरची फवारणी आणि अकरा केव्हीची तार

प्रश्न : आमच्या आडसाली उसावरून अकरा केव्हीची लाईन तिरपी गेली आहे. ऊस गुडघ्याएवढा असताना ड्रोनवाल्याने तारेखालूनही फवारणी केली होती. आता मात्र तोच तारेलगतचा पट्टा सोडून देतो आणि पैसे पूर्ण क्षेत्राचे मागतो. हे योग्य आहे का?
– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : पट्टा सोडण्यात त्याचे काहीच चुकलेले नाही, न फवारलेल्या क्षेत्राचे पैसे मागणे मात्र आम्हालाही पटत नाही.

तार होती तिथेच आहे, उंची वाढली ती ड्रोनची. शेतातून जाणारी अकरा केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे पंधरा फूट उंच असावी असा नियम आहे, आणि उन्हाने तापून तार लांबली की दोन खांबांच्या मधला झोळ आणखी खाली येतो. फवारणीचा ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून साधारण दोन-तीन मीटर वर उडतो. त्यामुळे गुडघाभर उसात तो तारेखालून निघून जातो. ऊस बारा फुटांवर गेला की तोच ड्रोन अठरा-वीस फुटांवर, नेमका तारांच्या पातळीत येतो.

त्यातून बांधावर उभ्या असलेल्या चालकाला ड्रोन तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे लांबून कळत नाही. ड्रोनवरचे रडार झाड किंवा खांब ओळखते, बारीक तारेच्या बाबतीत मात्र त्याचा भरवसा धरू नये. विमानातून फवारणी करणारे वैमानिकसुद्धा तार शोधत बसत नाहीत. ते खांब शोधतात, आणि लाईन ओलांडायचीच झाली तर खांबावरून ओलांडतात, कारण त्या दोन खांबांमध्ये तार त्याहून वर कुठेच नसते.

तुमच्या शेतात ड्रोनच्या फेऱ्या लाईनला समांतर ठेवाव्यात, खांबाजवळ सुरक्षित अंतरावर एक माणूस उभा करावा आणि सुटलेला पट्टा पाठीवरच्या पंपाने फवारावा. खांबाचा ताण (खांबाला आधार देणारी, जमिनीत रोवलेली तिरपी तार) आणि मोटारीची सर्व्हिस वायर वाढलेल्या उसात दिसत नाहीत. त्या आधी चालकाला दाखवाव्यात.

ड्रोन तारेत अडकलाच, तर बांबूने किंवा पाईपने काढू नये. शेतीची वीज पाळीने येते, म्हणून मोटार बंद दिसली तरी लाईन मृत समजू नये. सर्वांना लांब ठेवून वायरमनला किंवा 1912 या क्रमांकावर कळवावे.