खाडे मोजा, किलोमीटर नंतर

तुमची अडचण मला समजली ती अशी: जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी एका संस्थेतर्फे पूर्ण ४२ किलोमीटरचं चॅरिटी बिब (देणगी जमवायच्या बोलीवर मिळणारा धावकाचा नंबर) घेतलंत, जुलैत जोरात सुरुवात झाली, गणपतीत सराव सुटला तो दसरा उलटला तरी परत लागत नाही. त्यात देणगी दिलेले नातेवाईक ‘कुठवर आलं?’ विचारतात म्हणून फोन उचलायची चोरी. सोडून द्यावं का?

नका सोडू. माझ्या सहा पूर्ण मॅरेथॉन झाल्यात आणि सहाही वेळा सराव गणपतीतच बुडालाय. स्पर्धा असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. चार महिने मागे मोजा, थेट गणपतीच्या दिवसांत जाऊन पोचता. मग नवरात्र, ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळी. नेटवरचे सरावाचे तक्ते करणाऱ्याला आपल्या घरी गौरी जेवायला येतात हे ठाऊक नसतं. म्हणून तक्ता भरताना दिवाळीचे चार दिवस मी आधीच कोरे सोडतो. ठरवून घेतलेल्या सुट्टीचा अपराधीपणा येत नाही, आणि पाडव्यानंतर माणूस परत येतो.

आता खाड्यांचं. आमच्याकडे दुधाचा हिशोब कालनिर्णयवर असतो, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर फुली. सरावाचंही मी तसंच करतो. धावलो तर काही लिहायचं नाही, खाडा झाला तर फुली. आठवड्यात धावायचे दिवस चारच. एक खाडा चालतो, लागोपाठ दोन नाहीत. इतकाच नियम. दुसऱ्या खाड्याची पाळी आली की वीस मिनिटं, सोसायटीच्या आवारात, ऑफिसहून आल्यावर, हळूहळू, कसंही. त्या वीस मिनिटांनी दम वाढतो असं मी म्हणत नाही, पण उद्या पहाटे पाच वाजता उठायचं की नाही हा वाद पुन्हा उकरून निघत नाही. सराव मोडतो तो या वादात.

आणि बुडालेले किलोमीटर म्हणजे उधारी नव्हे. मंगळवार-गुरुवार चुकला म्हणून रविवारी सगळं एकदम फेडायला गेलात तर सोमवारपासून आठवडाभर जिना उतरताना कठडा धराल.

तुमच्याकडे अजून तेरा आठवडे आहेत. या रविवारी १० किलोमीटर, तेही शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ. (बहुतेक नवखे इथेच चुकतात. ईझी रनची लाज वाटते त्यांना.) मग दर रविवारी दोन किलोमीटर वाढवा, पण दर चौथ्या रविवारी चांगलं एक तृतीयांश कमी करा. मध्ये एकदा अंग साथ देत असेल तर तीनची उडी घ्या. नाताळच्या सुमारास २६-२७ पर्यंत पोचलात की पुरे. त्यानंतरचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. या काळात केलेला जादा सराव स्पर्धेच्या दिवशी कामाला येत नाही, थकवा मात्र येतो. डोंबिवलीत राहता तर ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता आहेच, पहाटे सोबतही मिळते. पण महिन्यातून एकदा चढ असलेला रस्ता शोधा. परतीच्या वाटेवर पाय संपत आलेले असताना पेडर रोडचा चढ लागतो आणि तो सपाटीवरच्या सरावाला ओळख देत नाही.

आता देणगीदार, कारण तुमची खरी गाठ तिथेच बसलीये असं मला वाटतं.

पहिल्या वर्षी मी एका मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवले होते. डिसेंबरात नडगी दुखायला लागली. लोकांनी पैसे दिलेत, आता थांबायचं कसं, म्हणून गोळ्या घेऊन धावत राहिलो. शेवटी हाडाला बारीक तडा निघाला आणि स्पर्धेच्या दिवशी मी घरी टीव्हीसमोर. सगळ्या देणगीदारांना शरमत मेसेज पाठवला. कुणीही पैसे परत मागितले नाहीत. मामा तर म्हणाले, ‘अरे, पैसे शाळेला दिलेत, तुझ्या पायाला नाही.’ तेव्हा एकाच जागी बोट ठेवून दुखतंय आणि धावताना वाढतंय असं झालं की थांबा, डॉक्टरकडे जा. पोटऱ्या भरून येणं वेगळं.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी त्या शाळेत जाऊन आलो. तू पहिला येणार का, असं एका मुलाने खुणेने विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. फार हलकं वाटलं मला.

तेव्हापासून लोकांनी विचारायची वाट बघत नाही. रविवारी धावून आलो की आंघोळीआधीच दोन ओळी पाठवतो: आज किती धावलो, आजवर किती पैसे जमले. खाडा झाला तर तोही लिहितो. महिन्याभरात चुलत बहीण बुधवारीच ‘काल गेला होतास ना?’ विचारायला लागली. आता तीच माझा हजेरीपट.

पैसे जमवायचं काम मात्र नोव्हेंबरअखेर उरका, डिसेंबरातल्या लाँग रननंतर कुणाला फोन करायची ताकद उरत नाही. ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकरातली वजावट, हवी असणाऱ्यांकडून पॅन आत्ताच घेऊन संस्थेला द्या. रोख २,००० च्या वर दिले तर ती वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना तर कसेही दिले तरी नाही. हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये भाऊजी तुम्हालाच धरतील.

शूज जुलैतले असतील आणि पावसात भिजले असतील तर तळ बघून घ्या. नवे घ्यायचे तर दिवाळीच्या आत घ्या आणि संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा. रविवारचे १० झाले की इथे कळवा. खाडा झाला तरी कळवा.