वाचकांचे प्रश्न : अजिंठा पाहिलेल्यांनी चीनमध्ये काय पाहावे?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून अजिंठ्याची लेणी अनेकदा पाहिली आहेत. चीनच्या सहलीत बीजिंगचा राजवाडा, मोठी भिंत आणि शिआन आहे. दुनहुआंग मात्र नाही. वेगळा खर्च करून तेथे जावे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : अवश्य जावे, आणि त्यासाठी बीजिंगमधला एखादा दिवस कमी करावा लागला तरी तो करावा. दुनहुआंग हे वायव्य चीनमधील गान्सू प्रांतातले, वाळवंटाच्या कडेचे शहर आहे. जवळच्या मोगाओ येथे पहिले लेणे इ. स. ३६६ मध्ये खोदले गेले असे मानतात. पुढे सुमारे हजार वर्षे हे काम चालू राहिले आणि आज तेथे चित्रे व मूर्ती असलेली ४९२ लेणी आहेत.

अजिंठ्याची सवय असलेल्या डोळ्यांना पहिला फरक जाणवतो तो दगडाचा. आपल्याकडे काळ्या बसाल्टमधून बुद्धमूर्ती अखंड कोरता आली. मोगाओचा कडा मात्र वाळू आणि गोट्यांचा, इतका भुसभुशीत की त्यात मूर्ती कोरणेच शक्य नव्हते. म्हणून तेथील कारागिरांनी लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर गवत बांधले, मातीचे थर चढवले आणि मग रंग दिला. भिंतींवर मात्र आपल्यासारखाच, काड्या-तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा आणि त्यावर पातळ पांढरा लेप आहे. हे साम्य समोर उभे राहून पाहताना फार आनंद होतो.

प्रवेशिका आधीच काढून ठेवावी, विशेषतः उन्हाळ्यात. प्रथम लेण्यांविषयीचे चित्रपट दाखवतात, नंतर मार्गदर्शकाबरोबर विजेरीच्या उजेडात मोजकीच लेणी, साधारण आठ, पाहता येतात. आत छायाचित्रे काढता येत नाहीत. हे निर्बंध जाचक वाटून घेऊ नका. श्वासातील दमटपणा चित्रांना काय करतो, हे अजिंठ्याच्या भागातील माणसाला वेगळे सांगायला नको.

शिआनमध्ये महाहंस पॅगोडा चुकवू नये. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग ६४५ मध्ये मायदेशी परतला. त्याने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी हा पॅगोडा ६५२ मध्ये बांधला गेला. महाराष्ट्रातील एका डोंगरातल्या विहाराच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तो विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याचे हत्ती आपण पाहिलेच असतील.

प्रश्न : शिआनचे मातीचे सैन्य खणून काढले, मग सम्राटाची कबर अजून का उघडली नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुख्य कारण आहे ते रंगांचे. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या कबरीजवळ पुरलेले हे सैन्य १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. आज करडे दिसणारे हे सैनिक मुळात लाल, हिरव्या, जांभळ्या रंगांत रंगवलेले होते. रंगाखाली लाखेसारख्या रोगणाचा थर होता. दोन हजारांहून अधिक वर्षे ओल्या मातीत राहिलेला हा थर कोरडी हवा लागताच काही मिनिटांत आक्रसतो आणि रंगासकट गळून पडतो. सैनिकांची ही गत झाली, तर कबरीतील रेशीम, लाकूड आणि चित्रे कशी टिकतील? शिवाय कबरीत पाऱ्याच्या नद्या केल्याचे इतिहासकार सिमा च्येन याने लिहिले आहे आणि कबरीवरील टेकाडाच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच जास्त आढळले आहे. न उघडण्याचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

सैन्य सापडलेल्या खड्ड्यांपैकी दुसऱ्या खड्ड्याजवळ काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला धनुर्धर ठेवला आहे. बहुतेक लोक समोरून पाहून पुढे जातात. आपण मागच्या बाजूला जावे. त्याच्या चिलखतावर लाल रंगाच्या खुणा अजून आहेत, आणि उचललेल्या पायाच्या तळव्यावर जोड्याची शिवण दिसते : टाचेशी व चवड्याशी दाट, मध्ये विरळ.