खाऱ्या पाण्याचा टँक: कोणता मासा कोणाशेजारी नांदतो?

समुद्रापासून इतक्या लांब, कापूस-सोयाबीनच्या मुलखात प्रवाळाचा टँक ठेवणारे वाचक वाढत आहेत. या वेळची बहुतेक पत्रे माशांच्या निवडीविषयी आहेत. पाणी, उन्हाळा आणि वीज यांचे प्रश्नही घेतले आहेत, कारण आपल्या भागात माशांची निवड त्यांच्यावरच ठरते.

प्रश्न: चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक घेतला आहे. दुकानदाराने ही यादी दिली: दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, एक मँडरिन, सहा हिरवे क्रोमिस आणि एक छोटा लायनफिश. हे सगळे एकत्र राहतील का? (एक वाचक, दर्यापूर)

या यादीतले दोन क्लाउनफिश तेवढे ठेवा, बाकीची नावे खोडा. तुमच्या टँकचे माप २५५ लिटर होते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी २०० लिटरच्या आसपास उरते.

लायनफिश भांडखोर नाही. पण जे तोंडात मावेल ते तो गिळतो, आणि त्याचे तोंड दिसते त्याहून बरेच मोठे उघडते. क्रोमिस रात्रीतून एकेक कमी होत जातील. लायनफिशच्या काट्यांत विष असते, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात तो नकोच.

ब्लू टँग दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. हा लांब पल्ल्याने पोहणारा मासा आहे. त्याला किमान सहा फूट लांबी लागते. चार फुटांत तो एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत येरझाऱ्या घालतो, ताणाखाली राहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वांत आधी त्यालाच धरतो.

मँडरिनचे मरण सर्वांत दुःखाचे, कारण ते टाळता येते. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपतो. नव्या टँकमध्ये हे जीव नसतात आणि सुके खाद्य बहुतेक मँडरिन खाण्याची वस्तू म्हणून ओळखतच नाहीत. पोट आत ओढले जाते, दोन-तीन महिन्यांत मासा जातो आणि ठेवणाऱ्याला वाटते की रोग आला. टँकला वर्ष होऊ द्या. मग रात्री टॉर्च लावून मागची काच बघा. मोहरीहून बारीक पांढरे ठिपके सगळीकडे सरपटताना दिसले, तरच मँडरिनचा विचार करा.

क्रोमिस समुद्रात मोठ्या थव्याने राहतात. टँकमध्ये त्यांची उतरंड लागते. सर्वांत खालच्याला बाकीचे टोचतात, तो गेला की पुढच्याची पाळी. सहातले वर्षाअखेर अनेकदा एक-दोनच उरतात.

त्यांच्याऐवजी हा संच घ्या: एक फायरफिश, एक बंगाई कार्डिनल, पिस्तूल कोळंबीसोबत एक पिवळा वॉचमन गोबी, एक लॉनमोअर ब्लेनी आणि ऑसेलॅरिस जातीचे दोन क्लाउन. सहाच मासे, पण प्रत्येकाची जागा वेगळी. फायरफिश मधल्या पाण्यात तरंगतो, कार्डिनल सावलीत थांबतो, गोबी वाळूत राहतो, ब्लेनी खडकावरचे शेवाळ खरवडतो आणि क्लाउन एक कोपरा धरून बसतात. जागा आणि खाणे वेगळे असले की भांडणाचे मूळच राहत नाही. भांडण बहुधा सारख्या आकाराच्या, सारख्या रंगाच्या आणि सारखे खाणाऱ्यांत होते.

सोडण्याचा क्रम बुजऱ्याकडून दांडग्याकडे ठेवा: आधी फायरफिश, मग कार्डिनल, गोबी, ब्लेनी आणि शेवटी क्लाउन. दोन खेपांत तीन-चार आठवड्यांचे अंतर हवे. लॉनमोअरला खायला खडकावर शेवाळ तयार झालेले असावे, तोवर त्याला आणू नका.

क्लाउन घेताना एक मोठा आणि एक स्पष्ट लहान घ्या. सगळे क्लाउन आधी नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. सारख्याच मापाचे दोन घेतले तर मोठे कोण यावरून जुंपते. तिसरा क्लाउन कधीच घालू नका. टोमॅटो किंवा मरून जातीचे क्लाउन या संचात चालणार नाहीत, ते फारच दांडगे असतात. शक्यतो पैदास केंद्रातले क्लाउन मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. अशी पिल्ले सुके खाद्य लगेच खातात.

फायरफिश घाबरला की उडी मारतो. काचेचे झाकण उष्णता कोंडते, म्हणून वर बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी ताणा. लोखंडी जाळी खाऱ्या हवेने गंजून पाण्यात उतरते.

प्रश्न: टँक तयार व्हावा म्हणून सुरुवातीला दोन निळे डॅमसेल सोडले होते. एक मेला. उरलेला आता प्रत्येक नव्या माशाच्या मागे लागतो. काय करावे? (एक वाचक, हिंगणघाट)

त्याला बाहेर काढा, दुसरा उपाय टिकत नाही. डॅमसेलच्या दृष्टीने तो सगळा टँक त्याचा झाला आहे. जाळी घेऊन मागे लागाल तर तो खडकात शिरेल आणि तुम्ही सगळी मांडणी मोडाल. दोन लिटरची पारदर्शक प्लास्टिक बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा, तोंड छाटून भोक तीन-चार सेंटिमीटरचे करा आणि तो भाग उलटा करून बाटलीत बसवा. बाटलीला सुईने बारीक छिद्रे पाडा, आत गोठवलेली कोळंबी ठेवा आणि वजनासाठी एक दगड टाका. एक दिवस खाद्य बंद ठेवून बाटली त्याच्या कोपऱ्यात उभी करा. आत शिरायला मासा रस्ता शोधतो, बाहेर यायला त्याला तो सहसा सापडत नाही. बाटलीजवळून हलू नका. आत शिरताच उचला.

तेही जमले नाही तर रात्री दिवा गेल्यावर तो कोणत्या भोकात झोपतो ते चार रात्री पाहा. मग तो खडकच अलगद उचलून बादलीत धरा.

तो गेल्यावर दोन-चार खडकांची जागा बदला, म्हणजे उरलेल्यांच्याही हद्दी पुसल्या जातात. नवा मासा छिद्रांच्या पारदर्शक डब्यात ठेवून डबा दोन दिवस टँकमध्ये टांगा. डब्याबाहेरून कोणी सतत काचेवर धडका मारत असेल तर मासा सोडू नका.

आणि मासे घालून टँक तयार करण्याची पद्धत कायमची सोडा. टँक तयार होणे म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात बसणे. त्यात माशाचे कल्ले अमोनियाने भाजतात, आणि जो जगतो तो बहुधा सर्वांत आडदांड असतो. २०० लिटर पाण्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड साधारण सव्वा ग्रॅम घातले की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम होतो. सोबत बाटलीतले जिवाणू घाला. अमोनिया आधी उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतो. याला चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा तेवढीच मात्रा घातल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य आले की पहिला मासा आणा.

प्रश्न: आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी तसेही खारट. त्यात थोडे मीठ वाढवून चालेल का? (एक वाचक, अकोट तालुका)

नाही. जिभेला न सोसणाऱ्या विहिरीच्या पाण्यातही लिटरला काही ग्रॅमच क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅम असतात आणि त्यातल्या सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे आपसातले प्रमाण ठरलेले असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाण्यात ते प्रमाण नाही. शिवाय शेतातल्या खताचा नायट्रेट त्यात उतरलेला असू शकतो, आणि मग खडकावर शेवाळाची गोधडी चढते.

पाणी आरओचेच घ्या. घरच्या आरओ यंत्रात चव राखण्यासाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो पूर्ण बंद करा, खनिजांचे काडतूस असल्यास त्याच्या आधीच नळी काढा आणि पुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिनचे काडतूस जोडा. टीडीएस मीटरवर शून्य यायला हवे.

रीफसाठीचे, म्हणजे प्रवाळाच्या टँकसाठीचे, तयार मीठ २० लिटरला साधारण ७२० ते ७५० ग्रॅम लागते. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. तसे केले तर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन बसतो. पंप लावून रात्रभर फिरवा आणि क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ ते १.०२६ आल्याशिवाय वापरू नका. किराणा दुकानातले खडे मीठ घेऊन पैसे वाचत नाहीत. मिठागरात मीठ बसते तेव्हा मॅग्नेशियम बरेचसे मागच्या पाण्यात राहून जाते. त्या मिठात प्रवाळ जगत नाही.

प्रश्न: मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी तीन-चार तास लाईन जाते. टँकचे पाणी ३२ अंशांवर गेले, कार्डिनल दगावला. चिलर घेणे परवडत नाही. (एक वाचक, ब्रह्मपुरी)

पाणी २५ ते २७ अंशांत हवे. ३० च्या वर दोन गोष्टी एकदम घडतात: पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्यातच पंप थांबला की कल्ले जोरजोरात हलतात आणि मासे पृष्ठभागाशी येतात. तुमचा कार्डिनल उष्णतेइतकाच घुसमटीने गेला असावा.

आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी आहे, ती तुमच्या कामी येते. पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. त्याच खोलीत कूलर चालवाल तर हवा दमट होईल आणि पंख्यांचा गुण जाईल. कूलर लावायचाच तर खिडक्या उघड्या ठेवून खोलीच गार करा. पावसाळ्यात मात्र पंख्यांवर भिस्त ठेवू नका. पंख्यांमुळे रोज तीन ते पाच लिटर पाणी उडून जाईल. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, आणि रोजच्या रोज.

लाईन गेल्यावर दिवे आपोआप बंद होतात, तो फायदाच आहे. इन्व्हर्टरवर प्रवाहाचा पंप आणि सम्पमधून (टँकखालच्या गाळणीच्या टाकीतून) पाणी वर आणणारा परतीचा पंप एवढेच ठेवा. दोन्ही मिळून ४० वॅट धरू. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची आणि इन्व्हर्टरची गळती धरायची, तरी १८ तास निघतात. त्याच बॅटरीवर घरातले दोन पंखे टाकलेत तर चार तासही भरत नाहीत. म्हणून टँकसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवावी, नाहीतर लाईन गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप तरी लावावा. बर्फ घालायचा तर बंद बाटलीत गोठवून, आणि तासाला एक अंशापेक्षा जास्त उतार नको.

पुढे कधी चिलर घ्याल तेव्हा एक-दशांश हॉर्सपॉवरचा घेऊ नका. खोलीच ४० अंशांवर असते तेव्हा तो दिवसभर चालूनही पुरत नाही. २०० लिटरला पाव हॉर्सपॉवरचा बघा आणि त्याची गरम हवा खिडकीबाहेर जाईल असा ठेवा. तोवर माशांची संख्या चारवर थांबवा.

प्रश्न: मासे मुंबईहून ट्रॅव्हल्सने येतात, पिशवीत पंधरा-सोळा तास जातात. पिशवीत तासभर थेंबथेंब टँकचे पाणी घालूनही दोन दिवसांत मरतात. दुकानदाराने तांब्याचे औषध दिले आहे, ते टँकमध्ये घालू का? (एक वाचक, पुसद)

औषध मुख्य टँकमध्ये अजिबात घालू नका. तांबे कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मारते, शिवाय खडकात मुरून नंतरही बाहेर येत राहते.

मरण्याचे कारण त्या थेंबांत असण्याची शक्यता जास्त आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच घसरतो. त्या आम्लपणामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्यात तासभर बसतो. घराजवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला थेंबपद्धत चालते, लांबून आलेल्याला नाही.

विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता आधी फोनवर विचारा. अनेक ठिकाणी ती १.०१८ ते १.०२० ठेवतात. विलगीकरणाचा ६० लिटरचा टँक तेवढ्यावरच तयार ठेवा. पिशवी बंद असतानाच १५-२० मिनिटे तरंगवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच हाताने किंवा डब्याने उचलून सोडा. पिशवीतले पाणी फेकून द्या. क्षारता पुढच्या चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा.

विलगीकरण चार आठवड्यांचे. त्यात वाळू-खडक नको, पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला पुरतात. स्पंज फिल्टरचा स्पंज महिनाभर आधी मुख्य टँकच्या सम्पमध्ये ठेवलेला असावा, म्हणजे त्यात जिवाणू बसलेले असतात. पांढऱ्या ठिपक्यांसाठी तांब्याचे औषध वापरायचे ते इथे, आणि तांब्याची पातळी चाचणीने मोजत. मुख्य टँकमध्ये पांढरे ठिपके आलेच असतील तर सगळे मासे काढून तो अडीच महिने रिकामा ठेवा. मासा मिळाला नाही की ठिपक्यांचा परजीवी संपतो. कोळंबी आणि प्रवाळ तिथेच राहू द्या.

प्रश्न: कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत कोळंबी मेली, मासे मात्र ठीक आहेत. (एक वाचक, पांढरकवडा)

फवारणीचाच संशय घ्या. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके कोळंबी-खेकड्यांना अत्यल्प मात्रेतही मारतात, कारण कीटक आणि ते एकाच संधिपाद संघातले. फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नये, बादल्या शेतातल्या नसाव्यात. हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो, म्हणून त्या खोलीत डास मारण्याचे द्रव यंत्रही नको, त्यातही त्याच गटाची औषधे असतात. आता निम्मे पाणी दोन दिवसांत दोनदा बदला आणि ताजा सक्रिय कार्बन घाला.

प्रश्न: मुलीला समुद्री घोडा हवा आहे. क्लाउनसोबत चालेल का? आणि क्लाउनला ॲनिमोनी (समुद्रात तो जिच्या डंखऱ्या शुंडकांत राहतो ती मऊ जीवसृष्टी) लागतेच का? (एक वाचक, मेहकर)

समुद्री घोड्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळालाही. ते पकडणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. आयात केलेले प्रवाळ घेताना कागदपत्रे मागा. तसेही समुद्री घोडा सावकाश खातो, क्लाउनच्या चपळाईपुढे उपाशी राहील.

ॲनिमोनीशिवाय क्लाउन उत्तम राहतो. ॲनिमोनीला जोरदार उजेड आणि वर्षभर स्थिरावलेला टँक लागतो. जागा आवडली नाही की ती चालत निघते आणि पंपात ओढली जाऊन सगळे पाणी नासवते. मुलीला बंगाई कार्डिनल दाखवा. यात नर अंडी आणि पुढे पिल्लेही तोंडात सांभाळतो, साधारण तीन-चार आठवडे तो काही खात नाही. जोडी जमली तर हे घरात बघायला मिळते. फक्त जोडी आधीच जमलेली घ्या, दोन नर एकत्र पडले तर एकच उरतो.