वैद्यकीय इच्छापत्र आणि सरकारची मर्यादा

आपल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना, वेळ आल्यास व्हेंटिलेटर लावू नये, असे वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) लिहून ठेवायचे आहे. थोरले बंधू याला आत्महत्येची परवानगी म्हणतात आणि घरच्या निर्णयात सरकार कशाला, असे आपण विचारता.

बंधूंची शंका निराधार नाही. १९९६ साली ग्यानकौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मरण्याचा हक्क नाकारला आणि इंजेक्शन देऊन जीव घेणे आजही गुन्हाच आहे. मात्र ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने, बरे होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपचार नाकारणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. वडील एवढेच मागत आहेत.

पूर्वी या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तो अधिकारी कोण, याची चौकशी नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात करावी. मसुद्यात ‘यातना नकोत’ असे मोघम लिहू नये. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीवाटे अन्न यांपैकी काय नको ते वेगवेगळे लिहावे आणि वेदनाशामक उपचार चालू ठेवावेत, हेही लिहावे. निर्णय घेणाऱ्यांत एकाहून अधिक नावे देता येतात. थोरल्या बंधूंचे नाव अवश्य घालावे, कारण अतिदक्षता विभागाबाहेर मध्यरात्री डॉक्टर संमतिपत्र पुढे करतात तेव्हा ‘सगळे करा’ म्हणणाऱ्याचेच चालते; म्हणून त्यांना आधीच सामील करून घेतलेले बरे.

आता सरकारचे. उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयातील डॉक्टरांचे मंडळ मत देते, मग दुसरे मंडळ ते तपासते आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असतो. हे जाचक वाटेल, पण मला ते आवश्यक वाटते. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. बिल वाढत असताना म्हाताऱ्या माणसाचा होकार कसा मिळवला गेला, हे घराबाहेरच्या कोणीतरी पाहायलाच हवे. इच्छा त्याचीच आहे का आणि आजार खरोखर हाताबाहेर गेला आहे का, एवढेच सरकारने विचारावे. त्याचे जगणे मोलाचे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही आणि मुलांनाही नाही. संसदेने यावर स्वतंत्र कायदा करायला हवा. इतका नाजूक विषय केवळ न्यायालयाच्या निर्देशांवर सोडणे मला पटत नाही.

बंधूंना आणखी एक सांगा: वडील शुद्धीवर राहून स्वतः बोलू शकतात तोवर हा कागद लागूच होत नाही आणि मन बदलल्यास तो लेखी देऊन केव्हाही रद्द करता येतो.