ऐतिहासिक कादंबरी पहिल्यांदाच वाचताय? मग हे बघा

जाडजूड ग्रंथापासून सुरुवात करू नका. 'श्रीमान योगी' हौसेने आणून शंभराव्या पानावर खूण घालून ठेवलेले बरेच जण मला माहीत आहेत. (मीही त्यातलाच. दुसऱ्या प्रयत्नात पार पडलं.)

पहिलं पुस्तक रणजित देसाईंचं 'स्वामी' घ्या. 1761 मध्ये, पानिपतानंतर, सोळाव्या वर्षी पेशवेपदी आलेले माधवराव 1772 मध्ये थेऊरला वारले. एवढाच काळ, मोजकी माणसं आणि घरातच सत्तेवर डोळा असलेले काका राघोबादादा! गोष्ट आपसूक धरून ठेवते. आवडलं तर मागे वळून विश्वास पाटलांचं 'पानिपत' वाचा, मग ना. सं. इनामदारांचं, थोरल्या बाजीरावांवरचं 'राऊ'.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- नात्यांत हरवणं. भाऊसाहेब, नानासाहेब, दादासाहेब यांचा गोंधळ होणारच. पेशव्यांची वंशावळ कागदावर काढून पुस्तकात ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण वाचन निम्म्याने सोपं होतं.
- खलिता, पागा, फड असे शब्द दिसले की कोश उघडणं. पुढे वाचा, संदर्भाने कळतात.
- कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून वादात फेकणं. माधवराव-रमाबाईंच्या महालातलं बोलणं कुठल्या बखरकाराने ऐकलं होतं? ते लेखकाचंच.

आणि 'मृत्युंजय' या यादीत शोधू नका. सुंदर आहे, पण ती कर्णाची, म्हणजे पौराणिक कादंबरी.

बखरी आणि अस्सल पत्रांचं नंतर बघू. आधी 'स्वामी' संपवा, मग पुढचं सांगतो.