तालुक्याच्या कचेरीत एआय आणताना

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. कचेरीत एआय आणायची जबाबदारी तुझ्यावर आल्याचे कळले. कोडिंग शिकू का, असे विचारतेस. जरूर शीक, पण आधी काही दिवस अव्वल कारकुनाशेजारी बस. म्युटेशनची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याची, फाईल कुठे अडते, तलाठी कोणत्या कागदावर शंका घेतो, हे कुठल्याच सादरीकरणात दिसत नाही.

नावांचेच बघ. आपल्या गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज दस्तात प्रभूंचे पोरोबो झालेले. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर वेगळे स्पेलिंग, आधारवर तिसरेच. नावे जुळवणारी प्रणाली एकाच आजोबांची तीन माणसे करील. उलट चूक त्याहून घातक. दोन परकी माणसे तिने एक ठरवली, तर कुणाची तरी वडिलोपार्जित जमीन जाते. बनावट दस्तांवर जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, हे तू जाणतेसच. म्हणून जुळणी यंत्राने सुचवावी, निर्णय मामलेदाराने द्यावा आणि त्याचे कारण फाईलवर लिहावे. ‘सिस्टमने दाखवले’ हे कारण नव्हे.

ऑस्ट्रेलियातले रोबोडेट प्रकरण नीट वाच. तिथे साधा भागाकार होता. वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत सारखे वाटून सरकारी मदत घेणाऱ्यांना वसुलीच्या नोटिसा धाडल्या. ज्यांना वर्षातून काही महिनेच काम मिळते, ते नाहक कर्जदार ठरले. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्यावर कडक ताशेरे ओढले. आपल्याकडे जून-जुलैत ट्रॉलर बंद, पावसात किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहे, म्हणजे शॅक, बंद. जानेवारीच्या कमाईला बाराने गुणणारी प्रणाली शॅकवरच्या वेटरला श्रीमंत ठरवील, आणि उत्पन्नाची अट असलेल्या योजनेतून त्याच्या घरचे नाव गळेल.

जुने कर्मचारी धास्तावलेत, असे लिहितेस. त्यांना व्याख्यानाला बसवू नकोस. निकाली निघालेल्या फायली यंत्राला दे आणि ते कुठे चुकले हे त्यांनाच शोधू दे. त्यांचे ज्ञान कामी येतेय हे त्यांना दिसले, की ते तुझ्या बाजूने उभे राहतील. मला विचारशील तर नेतृत्व ते एवढेच.

कोकणी-मराठी नोटिशींचा कच्चा मसुदा भाषिणी या सरकारी भाषांतर प्रणालीवर करून घ्यायला हरकत नाही. सहीआधी मोठ्याने वाचून बघ. लोकांची कागदपत्रे मात्र कुणी फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नयेत, हे पहिल्याच दिवशी बजाव.

कंत्राटाचा मसुदा आला की मला पाठव. चूक कोण दुरुस्त करणार, किती दिवसांत, आणि कंत्राट संपल्यावर नोंदी कुणाकडे राहणार, ती कलमे आपण एकत्र बसून वाचू.

तुझा,
काका