निवृत्तीनंतर नाशिकच्या वाइन पट्ट्यात, द्राक्षबागेसमोर घर घ्यावं का? फवारणीचा त्रास झाला तर तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातला फ्लॅट विकून गंगापूर धरणाच्या बाजूला बागेला लागून असलेलं रो हाउस घ्यायचा विचार आहे, फेब्रुवारीत येऊन पाहिलंय, फार शांत वाटलं. आणि शेवटी विचारलंय की फवारणीचा त्रास झाला तर तक्रार कुठे करतात. ते शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसलो. त्या तक्रारीच्या दोन्ही बाजूंना मी उभा राहिलेलो आहे.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. वडिलांची आणि चुलत्यांची जमीन लागून. चुलत्यांच्या मुलांनी त्यांचा वाटा विकला, तिथे रीतसर एनए (बिगरशेती परवानगी) होऊन अठरा रो हाउसेस झाली. मी नाशिकला शाळेत शिक्षक होतो, 2013 मध्ये त्यातलंच तीन नंबरचं घर घेतलं. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे धाकट्या भावाची बाग. ज्या मातीत लहानपणी पाटाचं पाणी वळवलं त्याच मातीवर माझं स्वयंपाकघर आहे.

स्कीमच्या माहितीपत्रकावर वाइनचा ग्लास होता आणि मागे बाग. ती बाग म्हणजे आमच्या भावाची थॉमसन. थॉमसन खाण्याचं द्राक्ष आहे, वाइनचं नाही. नाशिक जिल्ह्यात जिकडे बघाल तिकडे दिसणारी बहुतेक बाग खाण्याच्या द्राक्षाचीच आहे, वाइनची त्यातला अगदी लहान हिस्सा. आमच्याकडेही वाइनची होती एकेकाळी. सावरगावच्या बाजूला 2000 च्या आसपास पहिल्या बाटल्या बाहेर पडल्या, 2001 मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि गावोगाव वाइनरींचे शेतकऱ्यांशी करार व्हायला लागले. वडिलांनी दोन एकर शेनिन ब्लांक ही वाइनची जात लावली. आई शेवटपर्यंत तिला 'दारूची द्राक्षं' म्हणायची आणि त्या बागेतला एकही मणी तिने तोंडात घातला नाही. मग 2008 ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनरीच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही. 2010 च्या उन्हाळ्यात वडिलांनी ती दोन एकर मुळासकट काढली. त्या काळात वाइनची बाग काढणारे आम्ही एकटे नव्हतो.

हे सांगतोय कारण तुम्ही ज्या दृश्यासाठी पैसे मोजणार आहात ते दृश्य कुणाच्या तरी कर्जावर उभं असतं. दोन वर्षं भाव पडला की जातं.

आता 2019 ची गोष्ट. ज्यांनी ते वर्ष बागेत काढलं त्यांना आकडा सांगितला तरी पुरेल. दिवाळी झाली तरी पाऊस थांबेना. अरबी समुद्रात आधी क्यार, मागोमाग महा अशी दोन वादळं उठली. भावाने गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, दसऱ्याला उरकली होती, त्यामुळे नोव्हेंबर लागला तेव्हा बाग पंचवीस दिवसांची होती. पाच-सहा पानं, आणि पानाआडून हिरवा, करंगळीएवढा घड नुकता बाहेर आलेला. याच दिवसांत डावणी हा बुरशीचा रोग लागतो. आधी पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो, पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी बुरशी. पानावर राहिली तर आवरता येते. घडावर गेली की तो घड तपकिरी होऊन वाळतो, हातात धरला की चुरा.

पान ओलं राहिलं की डावणी पसरते, आणि पाऊस चालू असताना मारलेलं औषध धुऊन जातं. म्हणून पाऊस थांबतो ती मधली फट गाठावी लागते. ती फट रात्री तीनला आली तर रात्री तीनला. एरवीसुद्धा शेतकरी पहाटे फवारतो, कारण तेव्हा वारा पडलेला असतो, औषध वेलीवर बसतं, उडून शेजाऱ्याच्या अंगणात जात नाही. शहरातून आलेल्या माणसाला नेमकं उलटं वाटतं, की हे मुद्दाम झोपेच्या वेळी करतात.

त्याच नोव्हेंबरातल्या एका रात्री पावणेतीनला पाऊस थांबला. मी जागाच होतो. बागेत बॅटरीचा उजेड हलला, ट्रॅक्टर सुरू झाला, मग ब्लोअरचा, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्राचा आवाज. तो आवाज मोठा असतो हे मी नाकारत नाही, खिडकीची काच थरथरते. पाच मिनिटांत आमच्या ओळीतले एक गृहस्थ कुंपणाशी येऊन ओरडायला लागले. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले, चांगल्या हुद्द्यावर काम केलेले. मी बाहेर गेलो. भाऊ ट्रॅक्टरवरून उतरून चिखलात हात जोडून उभा होता. म्हणाला, "साहेब, एक तास द्या. आत्ता नाही मारलं तर उद्या घड राहत नाही." ते म्हणाले, दिवसा मारा. भावाने वर बोट केलं. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

सकाळी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. भावाला बोलावलं, साडेदहापासून दुपारी दीडपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, समज देऊन सोडलं. त्याच दिवशी सकाळी तीन तास आभाळ पूर्ण उघडलं होतं. तो अख्खा आठवडा बघितला तर एवढीच सलग उघडीप मिळाली. भाऊ परत आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. ट्रॅक्टरच्या टाकीत कालवलेलं औषध तसंच. चार दिवसांनी मी बागेत गेलो तर तो एका वेलीखाली उभा राहून घड मोजत होता. वरच्या अंगाची एक एकर गेली होती. मला म्हणाला, "दादा, तू का नाही बोललास?"

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. म्हणून नाही बोललो. पुढच्या बैठकीत त्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आम्ही पैसे मोजून शांतता विकत घेतली आहे." तेव्हाही मी इतिवृत्त लिहीत राहिलो. सहा महिने ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, आणि तुमच्या प्रश्नात पुन्हा तेच दिसलं, म्हणून जे तेव्हा बोलायचं होतं ते आज इथे लिहितो.

तुमचं खरेदीखत काढून चतुःसीमा वाचा. पूर्वेस गट नंबर अमुक, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस घर नंबर अमुक. 'द्राक्षबाग' हा शब्द कुठेही नसतो. तुम्ही इतके चौरस मीटर जागा, त्यावरचं बांधकाम आणि आतल्या रस्त्याचा वापर एवढं विकत घेता. रात्र विकत घेत नाही. समोरची हिरवळ तर नाहीच. ती उद्या तुटली, तिथे कांदा आला, टोमॅटो आला, पोल्ट्री आली किंवा आणखी अठरा रो हाउसेस आली, तरी तुम्हाला अडवता येत नाही. मग जी गोष्ट तुम्ही विकत घेतलेलीच नाही, ती टिकवणाऱ्या माणसाला चौकीत कशी बसवता?

फेब्रुवारीत तुम्हाला शांत वाटलं, त्याचं कारण सांगतो. काढणी जवळ आली की फवारणी थांबते. युरोपला जाणाऱ्या मालातले औषधाचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात, एका औषधाचा अंश जास्त निघाला तर कंटेनर परत. त्यामुळे फेब्रुवारीत बाग गप्प असते, घड कागदात गुंडाळलेले असतात, हवा गार असते, आणि एजंट नेमका तेव्हाच गिऱ्हाईक आणतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची मोठी छाटणी, झाल्यावर बघा. नुसते खुंट आणि तारा, खाली काड्यांचे ढीग, ऊन चटके देणारं. ऑक्टोबरात छाटणीनंतर बघा. त्या दोन्ही वेळा पाहूनही जागा आवडली तर घ्या, नक्की घ्या. मी इथे 2013 पासून राहतो आणि मला नाशिक शहरात परत जायचं नाही. डिसेंबरातल्या पहाटे धुकं बागेच्या मांडवावर बसतं, थंडी फारच पडली तर शेतकरी बांधाबांधावर शेकोट्या पेटवतात. तो धुराचा वास मला माझ्या घराचाच वाटतो.

शांततेबद्दल आणखी एक. फवारणीचा मोठा हंगाम वर्षातले काही महिने असतो. शनिवार-रविवार मात्र बावन्न येतात. धरणाकडे आणि वाइनरींकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि एकतीस डिसेंबरला तर दुधाची गाडीही अडकते. त्या गाड्यांविरुद्ध कुणी पोलिसांत गेल्याचं आमच्या सोसायटीत मला आठवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण ते तुम्ही वकिलाकडून करून घ्यालच. एनएचा आदेश आणि मंजूर लेआउट स्वतः बघा. पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, सातबाऱ्यावर अकरा नावं आणि 'नंतर आपलं नाव लावून देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, कितीही गोड बोललं तरी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून मालकी सांगणारे भेटतील. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. धरण समोर दिसतं म्हणून नळाला पाणी येतं असं समजू नका, त्या धरणाचं पाणी नाशिक शहराला जातं, आणि आमच्याकडे मे महिन्यात बोअर आटतं. मोठं हॉस्पिटल शहरातच. तुमचं वय लक्षात घेता रात्री अकरानंतर घरापासून तिथवर एकदा गाडी चालवून बघा. आणि तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून 2013 मध्ये घर घेतलेल्या माझ्यासारख्याच्या भरवशावर न राहता आजची स्थिती तपासा.

घर निवडताना बाग कोणत्या दिशेला आहे ते पाहा, हे मात्र कुणी सांगत नाही. फवारणीचा मोठा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. त्या दिवसांत आमच्याकडे वारा साधारण उत्तर-पूर्वेकडून येतो. बाग घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला आणि मध्ये रस्तासुद्धा नाही, असं असेल तर तुषार तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येणार. बाग दक्षिणेला-पश्चिमेला असेल तर त्रास बराच कमी.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही, ती सांगायला हवी. त्या गृहस्थांच्या पत्नीला दमा होता. हे आम्हाला त्या रात्री माहीत नव्हतं, त्यांनीही सांगितलं नाही, त्यांनी फक्त आवाजाची तक्रार केली. औषध श्वासात जाणं ही खरी गोष्ट आहे, मी ती हलकी समजत नाही. दम्याचं माणूस घरात असेल तर बागेला लागून घर घेऊच नका, गावठाणात घ्या किंवा दोन ओळी मागे घ्या. आणि हेही खरं की त्या वर्षी ज्यांची एकही फवारणी चुकली नाही अशांच्याही बागा गेल्या. ती एक एकर फक्त त्या तीन तासांमुळे गेली असं मी शपथेवर सांगू शकत नाही. भाऊ सांगतो.

नंतर काय झालं ते तुमच्या कामाचं आहे. भावाने कुंपणाला लागून शेवरीची झाडं लावली, त्यांच्या आधी दोन हंगाम हिरवी जाळी बांधली. छाटणी झाली की तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, आणि ज्या रात्री फवारणी असेल त्या संध्याकाळी पुन्हा एक ओळ टाकतो: खिडक्या लावून घ्या, कपडे आत घ्या. मी त्याला फोन करून आठवण करतो. त्या गृहस्थांनी 2021 मध्ये घर विकलं. जाताना ते भावाला भेटायला बागेत गेले होते, काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

तक्रार कुठे करायची, तर ग्रामपंचायत आहे, तालुका कृषी अधिकारी आहेत. चुकीचं औषध मारलं, बंदी असलेलं मारलं, भर वाऱ्यात मारलं तर जरूर जा, मीही सोबत येईन. पण त्याआधी ज्याची बाग आहे त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. विसार द्यायच्याही आधी जा. त्याला विचारा की कोणती जात लावलीय, छाटणी कधी असते, बाग किती वर्षांची झाली, आणि अजून किती वर्षं ठेवणार आहे. आमच्या भावाची थॉमसन आता सतरा वर्षांची आहे. येत्या एप्रिलनंतर ठेवायची की काढायची, याचा विचार तो दिवाळीपासून करतोय.